कोरड्या विहिरीचा हिशेब

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. ऑफिस सुटल्यावर मी रोजच्यासारखी एस्प्लनेडच्या बस स्टँडजवळ चहाच्या टपरीवर उभी होते. कोलकात्यात या भागाला सगळे धर्मतला म्हणतात. हातात मातीच्या भांड्यातला चहा, समोर लांब पल्ल्याच्या बस आणि कंडक्टरांच्या हाका: "दीघा, दीघा!", "दुर्गापूर-आसनसोल!", "हल्दिया!" उकाडा एवढा, की चहाची वाफही नकोशी वाटत होती.

तेवढ्यात तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे काका. गावी शेती तेच बघतात.

"पोरी, चहापाणी झालं का?"

"घेतेय तात्या. तुम्ही बोला."

"चौथी बोअर मारायची म्हणतोय. पाणाड्यानं जागा दाखवली हाय. नारळ असा उभा राहिला बघ हातावर! गाडीवाला आगाऊ पैसे मागतोय. साठ हजार कमी पडत्यात. तुझ्याकडं हायेत का?"

माझ्याकडे बहात्तर हजार होते. बीएनंतर दोन वर्षं घरी बसून, मग ही कंटेंट रायटरची नोकरी धरून, एमएच्या फीसाठी पै-पै करून साठवलेले. "दोन दिवसांत सांगते," म्हणून मी फोन ठेवला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही आणि हो म्हणायलाही जीभ उचलली नाही.

योगायोग असा, की त्याच दुपारी मला ऑफिसात नवा लेख मिळाला होता. विषय होता बंगालमध्ये सापडलेलं तेल. सूचना ठरलेल्या: आठशे शब्द, सोपी भाषा, सकारात्मक सूर, शेवटी 'आत्मनिर्भर' हा शब्द यायला हवा. म्हणजे एकाच दिवशी दोन विहिरी माझ्या पुढ्यात येऊन पडल्या. एक गावची पाण्याची, दुसरी बंगालची तेलाची.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आणि कासची फुलं आठवतात. माण त्याच जिल्ह्यात आहे, पण तिथे उन्हाळ्यात टँकर आठवतो. १९८६ साली आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिथे विहीर काढली. सोसायटीचं कर्ज घेतलं, ते पुरलं नाही म्हणून सावकाराकडूनही घेतलं. वर मुरूम लागला, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. सुरुंग लावून बेचाळीस फूट खाली गेले. पाणी लागलं नाही. कर्ज फेडायला पाच एकरांतली दोन एकर विकावी लागली. आजी म्हणायची, "विहिरीनं पाणी दिलं न्हाय, पण जमीन मात्र पिऊन टाकली."

माझे वडील तेव्हा शाळेत होते. पुढे आयटीआयला वेल्डिंग शिकून ते उरणला आले आणि ठेकेदारामार्फत समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला लागले. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. आमचं घर पनवेलला झालं. माझं बालपण पप्पांचे दिवस मोजण्यात गेलं. गावच्या शेतात त्यानंतर तीन बोअर झाल्या, दोन तात्यांच्या आणि एक पप्पांच्या पैशांनी. तिन्ही फेल.

त्या रात्री मी लेखासाठी वाचायला बसले. कोलकात्यापासून साधारण ४७ किलोमीटरवर, उत्तर २४ परगणा जिल्ह्यात अशोकनगर आहे. तिथे २०१८ मध्ये ओएनजीसीला तेल आणि वायू सापडला. २० डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी ते क्षेत्र देशाला अर्पण केलं. उत्पादन देणारं देशातलं ते आठवं खोरं ठरलं. सुरुवातीचं तेल हल्दियाच्या रिफायनरीला गेलं. बंगाल खोऱ्यातल्या शोधावर ओएनजीसीचे ३,३८१ कोटी रुपये खर्च झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. मी खूश झाले. आकडे आहेत, तारीख आहे, मंत्री आहेत. लेख तासाभरात होईल असं वाटलं.

पप्पा त्या वेळी घरी होते. मी फोनवर त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लागलेल्या विहिरीचं सगळेच लिहितात गं. त्याआधी किती कोरड्या गेल्या आणि त्यांचे पैसे कुणी भरले, ते बघ."

पप्पांनी आबांची विहीर मनात ठेवून हे म्हटलं, की समुद्रातली तीस वर्षं मनात ठेवून, कोण जाणे. पण माझा तासाभराचा लेख आठ दिवसांचा झाला.

शोधत गेले तेव्हा १९५३ साल सापडलं. भारत सरकार आणि स्टँडर्ड व्हॅक्यूम ऑइल, म्हणजे 'स्टॅनव्हॅक' ही अमेरिकन कंपनी, यांनी बंगालमध्ये तेल शोधण्यासाठी भागीदारी केली. नाव होतं इंडो-स्टॅनव्हॅक. खर्चाचा चौथा हिस्सा सरकारचा, बाकीचा कंपनीचा. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झालेली. देशात तेल म्हणजे आसामातलं दिग्बोई, एवढंच चित्र होतं. अशा वेळी गाळानं भरलेल्या या सपाट प्रदेशात, जिथे वरून काहीही दिसत नाही, तिथे ही मंडळी उतरली. १९६० पर्यंत त्यांनी दहा विहिरी खोदल्या. पोर्ट कॅनिंग, रानाघाट, जलंगी अशी त्यांतली नावं. परवडेल एवढं तेल एकाही विहिरीत मिळालं नाही. कंपनीनं सामान आवरलं आणि ती निघून गेली.

दहाच्या दहा कोरड्या! मला आबा आठवले. एकाच कोरड्या विहिरीनं आमच्या घराची दिशा बदलली. इथे दहा गेल्या, तरी कुणाची जमीन विकली गेली नाही, कुणाच्या मुलाची शाळा सुटली नाही. खर्च वाटला गेला होता. थोडा सरकारी तिजोरीवर, जास्त एका मोठ्या कंपनीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी चौरंगीवरून चालत निघाले. एस्प्लनेडवरून दक्षिणेला गेलं की डाव्या हाताला इंडियन म्युझियम लागतं आणि त्याच्या शेजारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मुख्यालय. ही संस्था १८५१ पासूनची आहे. आधी कोळसा, मग बाकीची खनिजं असं करत तिनं देशाच्या पोटातला नकाशा तयार केला. १९५५ मध्ये सरकारनं तेल शोधण्यासाठी स्वतंत्र संचालनालय काढलं, तेव्हा त्यासाठी पहिली शास्त्रज्ञ मंडळी याच संस्थेतून घेतली. १९५६ मध्ये त्याचा आयोग झाला. तोच आजचा ओएनजीसी. पप्पांच्या हेल्मेटवर मी लहानपणापासून वाचलेल्या त्या अक्षरांचं मूळ माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी फुटपाथवर उभं राहून इमारतीचा फोटो काढला आणि पप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "आत कोरड्या विहिरींची कागदपत्रं असतील."

पप्पांचा अंदाज फार चुकीचा नव्हता. इंडो-स्टॅनव्हॅकनं तेल दिलं नाही, पण माहिती दिली. त्या विहिरींतून निघालेले खडकांचे नमुने आणि जमिनीत धक्के देऊन केलेली मोजमापं यांतून बंगालच्या गाळाखालचं चित्र पहिल्यांदा नीट दिसलं. पश्चिमेकडे गाळ तुलनेनं कमी. मग एका पट्ट्यापाशी खालचा चुनखडीचा थर बिजागरीवरून झुकावा तसा एकदम खाली जातो, आणि त्याच्या पूर्वेला गाळाची जाडी दहा किलोमीटरच्याही पुढे जाते. भूशास्त्रज्ञ या पट्ट्याला बिजागरीचा पट्टाच म्हणतात आणि तो कोलकात्याच्या खालून मैमनसिंगकडे जातो. साठच्या दशकात यावर शोधनिबंध छापून आले आणि पुढे इथे येणाऱ्या प्रत्येकानं तिथूनच सुरुवात केली.

एस्प्लनेडच्या पोटात मेट्रो आहे. २०२४ पासून ती हुगळीच्या तळाखालून हावड्याकडे जाते. मी त्या गाडीत कितीदा बसले असेन, पण आपल्या पायाखाली आणखी काही किलोमीटर काय असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या आठवड्यात मात्र सरकत्या जिन्यावरून खाली जाताना दर वेळी पडायचा.

रविवारी ऑफिसातल्या एका बंगाली मैत्रिणीला घेऊन मी सियालदाहहून बनगाव लोकल पकडली आणि अशोकनगर रोडला उतरले. तेलाची जागा बायगाछीला आहे. आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती. कुंपण पाहिलं, आजूबाजूची घरं पाहिली आणि रस्त्याकडेच्या चहावालीशी बोललो. मैत्रीण मराठीतून, म्हणजे मोडक्या हिंदीतून, मला सांगत गेली. चहावाली म्हणाली, "तेल निघालं तेव्हा मंत्री आले, गाड्या आल्या. आता सगळे विचारतात, आमच्या पोराला नोकरी कधी लागणार?" मला वाटलं, प्रश्न रास्त आहे. ज्याच्या दारात विहीर, त्याला तिचं काय, हे कुणीतरी सांगायलाच हवं. माझ्या आठशे शब्दांत याला जागा नव्हती. मी जागा केली.

परत आल्यावर बस स्टँडवरच्या पाट्या मला वेगळ्याच दिसायला लागल्या. हल्दियाला अशोकनगरचं तेल गेलं, हे कळलं होतंच. दुर्गापूरच्या बसकडे पाहिलं की इच्छापूरची विहीर आठवायची. दुर्गापूरजवळ ओएनजीसीनं २०१० मध्ये शेल वायूसाठी विहीर खोदली आणि जानेवारी २०११ मध्ये तिथून वायू वर आला. देशातला तो पहिला शेल वायू. शेल म्हणजे पाटीसारखा पापुद्र्यांचा खडक. वायू त्यात असतो, पण इतका घट्ट अडकलेला, की नुसतं भोक पाडून येत नाही. पाण्याचा प्रचंड दाब देऊन खडकाला भेगा पाडाव्या लागतात. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात भारत आणि अमेरिकेनं शेल वायूच्या अभ्यासासाठी करारही केला होता. पण दुर्गापूरच्या त्या विहिरीतून पुढे व्यापारी उत्पादन झालं नाही.

आसनसोलची गोष्ट बरी निघाली. तिकडे कोळशाच्या थरांत मिथेन वायू असतो. खाणकामगारांचा तो जुना वैरी, कारण त्याचा स्फोट होतो. शेजारच्या झरिया पट्ट्यात मुनिडीह खाणीवर भारत सरकार, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांनी मिळून एक प्रयोग केला. खाणीतला मिथेन आधीच काढून घ्यायचा आणि त्यावर वीज तयार करायची. वैऱ्यालाच कामाला लावण्यासारखं हे. राणीगंज-आसनसोल भागात पुढे खासगी कंपन्यांनी कोळशाच्या थरातला वायू काढून विकायला सुरुवात केली.

आणि शेवटी शोधता शोधता मी थेट पनवेलला पोहोचले! समुद्राच्या तळाखाली, खोल पाण्यात, थंडी आणि दाब यांमुळे मिथेन पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकून बर्फासारखा घट्ट होतो. त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. असा एक घनमीटर 'बर्फ' वितळला, तर जवळजवळ १६४ घनमीटर वायू मिळतो. आपल्या सरकारनं १९९७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००६ मध्ये 'जॉइड्स रिझोल्यूशन' हे संशोधन जहाज आणलं. ते ११३ दिवस आपल्या समुद्रात होतं. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर एका ठिकाणी हायड्रेटचा सुमारे १२८ मीटर जाड थर मिळाला, पण तो मातीच्या भेगांत होता आणि तिथून काढणं कठीण. म्हणून २०१५ मध्ये जपानचं 'चिक्यू' जहाज आलं. या वेळी वाळूचे थर शोधायचे होते, कारण वाळूतून वायू मोकळा होणं सोपं. तसे थर सापडले. या कामात आपल्या सरकारी तेल कंपन्या, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि जपानी संस्था एकत्र होत्या. आणि ओएनजीसीचं गॅस हायड्रेट संशोधन केंद्र पनवेलला आहे. मी ज्या गावात लहानाची मोठी झाले, त्या पनवेलला.

मी पप्पांना विचारलं, "मग तो वायू शेगडीपर्यंत कधी येणार?"

"आला नाही अजून. येईलच असंही नाही," ते म्हणाले. "पण मुंबई हायचं आठव. साठच्या दशकात रशियन जहाजानं आपल्या लोकांबरोबर सर्वेक्षण केलं. सागर सम्राटला तेल लागलं १९७४ च्या फेब्रुवारीत. उत्पादन १९७६ ला. मधल्या दहा-बारा वर्षांत कुणी म्हणालं असतं, हे पैसे पाण्यात गेले, तर खोटं ठरवणार होतं कोण?"

माझी मैत्रीण यावर पटकन म्हणाली, "पण दर वेळी मुंबई हाय थोडंच निघतं!" तिचंही खरंच होतं. मी तिचा मुद्दा वहीत लिहून ठेवला.

कारण मलाही शंका होत्या. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो, म्हणून शोध थांबवता येत नाही, हे समजतं. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी खोल समुद्रातल्या शोधासाठी राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, ती त्याचसाठी. पण शेलच्या एका विहिरीला लाखो लिटर पाणी लागतं. माणमधल्या माणसाला हा आकडा वाचून घाम फुटतो. शिवाय तेल-वायू जाळून तापणाऱ्या हवेचा पहिला चटका आमच्यासारख्या कोरडवाहू गावांनाच बसतो. तोच पैसा सौरऊर्जेवर जास्त का लावू नये, असं कुणी विचारलं, तर मी त्याला गप्प करू शकत नाही. हे प्रश्न झाकून 'सकारात्मक सूर' लावणं मला जमेना.

पण एक गोष्ट मला पटली. कठीण जागी शोध घेण्याचा जुगार एकट्या माणसानं खेळायचा नसतो. कंपनीसुद्धा एकटी सहसा तयार होत नाही, कारण दहा विहिरी कोरड्या गेल्या की तिचे भागधारक हिशेब मागतात. अमेरिकेतही सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर सरकारनं १९७६ मध्ये शेलच्या अभ्यासाचा प्रकल्प काढला, विद्यापीठं आणि कंपन्यांना सोबत घेतलं. शेल वायूचं पीक खासगी कंपन्यांच्या हाती लागायला त्यानंतर वीस-एक वर्षं गेली. सुरुवातीची तोट्याची वर्षं लोकांच्या पैशानं सोसली.

मग लोकांना काय मिळायला हवं? माझ्या मते किमान एक गोष्ट. कोरडी विहीर का कोरडी गेली, हे लिहून ठेवलं पाहिजे आणि ते पुढच्याला मिळालं पाहिजे. आपल्याकडे सरकारनं २०१६ मध्ये आजवर न तपासलेल्या खोऱ्यांचं सर्वेक्षण सरकारी खर्चानं सुरू केलं आणि २०१७ मध्ये अशी सगळी माहिती एका ठिकाणी ठेवणारं राष्ट्रीय भांडार उघडलं. बातमीत याला दोन ओळी मिळतात. मला मात्र अशोकनगरच्या समारंभापेक्षा हे मोठं वाटलं. विहीर कोरडी गेली आणि माहितीही हरवली, तर तो दुहेरी तोटा.

हे वाक्य लिहिलं आणि मी थांबले. आमच्या शेतातल्या तीन बोअरची माहिती कुठे आहे?

मी तात्यांना फोन लावला. दोन दिवसांत सांगते म्हणून सहा दिवस झाले होते. त्यांचा आवाज जरा तुटक होता.

"तात्या, पैसे आहेत माझ्याकडे. पण आधी एक सांगा. पहिली बोअर किती फूट गेली? कुठे काय लागलं?"

"आता ते कुणाला ध्यानात हाय? फेल गेली, विषय संपला."

"आणि आबांच्या विहिरीत ओल कुठे होती?"

"तुला पैसे द्यायचे नसतील तर तसं सांग, पोरी. वकिलासारखं इचारू नगंस."

फोन कट झाला. मी धर्मतल्याच्या गर्दीत रडले, हे आत्ता लिहायला हरकत नाही. तात्यांनी मला खांद्यावर बसवून म्हसवडची जत्रा दाखवली आहे. त्यांना वाटलं, पोरगी शहरात गेली आणि हिशेबी झाली.

पप्पांनी मध्यस्थी केली. ते सुट्टीच्या दिवसांत गावी गेले, एक शंभर पानी वही विकत घेतली आणि तात्यांच्या शेजारी बसून आठवेल ते लिहिलं. आबांची विहीर: बेचाळीस फूट, अठ्ठावीस फुटांवर मांजऱ्या, पूर्वेच्या अंगाला ओल. पहिली बोअर: दोनशे फूट, बांधाच्या पश्चिमेला. दुसरी: साडेतीनशे. तिसरी: चारशे. तिन्ही पश्चिमेला, कारण तिकडे गाडी उभी राहायला सोपं. लिहिता लिहिता तात्या स्वतःच म्हणाले म्हणे, "च्यायला, आपुन गाडीच्या सोयीनं पाणी शोधत हुतो."

मग दोघं साताऱ्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात गेले. ही राज्य सरकारची यंत्रणा १९७२ पासून आहे, दुष्काळाचं ते वर्ष. पण आमच्या घरातलं कुणी तिची पायरी चढलं नव्हतं. काही आठवड्यांनी तिथले भूवैज्ञानिक शेतात आले, जमिनीत लोखंडी सळया खोचून वीज सोडून मोजमाप केलं, वही वाचली आणि म्हणाले, "पश्चिमेला आता पैसे घालू नका. खाली सलग पाषाण आहे." शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं मर्यादा घातली आहे, हेही त्यांनी सांगितलं. आमच्या दोन बोअर त्याहून खोल होत्या आणि आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. पूर्वेलाही नवी बोअर त्यांनी सुचवली नाही. म्हणाले, आबांची विहीर साफ करा आणि पावसात ओढ्याचं पाणी गाळून तिच्यात सोडा. मांजऱ्यातून ते जिरेल. शेजारच्या विहिरींनाही उपयोग होईल. पाणी किती वाढेल, याची हमी त्यांनी दिली नाही.

गाडी आली नाही. नारळ उभा राहिलेली जागा तशीच राहिली. मी साठ हजारांऐवजी अठरा हजार पाठवले, विहिरीतला गाळ काढायला आणि गाळणीचा खड्डा करायला. एमएची फी भरली.

पावसाळ्यात आबांच्या विहिरीत पाणी उतरलं. दिवाळीपर्यंत जनावरांना पुरलं, पुढे आटलं. डाळिंबाची बाग लावावी एवढं काही ते नव्हतं. तेव्हा शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही. पण चाळीस वर्षं जी विहीर आमच्या घरात शिवीसारखी उच्चारली जायची, तिच्याकडे आजी हल्ली संध्याकाळी जाऊन बसते.

माझा लेख छापून आला. आठशेचे हजार शब्द झाले, त्यावरून थोडं ऐकून घ्यावं लागलं. 'आत्मनिर्भर' हा शब्द शेवटी ठेवला, पण त्याच्या आधी इंडो-स्टॅनव्हॅकच्या दहा कोरड्या विहिरी आणि अशोकनगरच्या चहावालीचा प्रश्नही ठेवला.

परवा संध्याकाळी पुन्हा त्याच टपरीवर उभी होते. हल्दियाची बस सुटत होती. फोन वाजला. तात्यांनी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीतरी टाकलं होतं. बघते तर आमच्या वहीच्या चार पानांचे फोटो. पूर्वेकडच्या शेजाऱ्यानं बोअरची गाडी बोलावली होती म्हणे. खाली तात्यांनी लिहिलं होतं:

"आदी हे वाचा मंग गाडी बोलवा. आमच्या चारी फेल हायेत. फुकट हाय, घ्या."